तलवारीकडून कुदळीकडे : ‘व्हॅगाबाँड’मधल्या मुसाशीचा तग

सकाळी मोबाइलवर जे सुविचार येऊन पडतात, त्यांत गेल्या काही वर्षांपासून एक चित्र मला वारंवार दिसतं. विस्कटलेले केस, अंगावर फाटका किमोनो, कमरेला तलवार आणि बघणाऱ्याच्या आरपार जाणारी नजर. खाली कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, हल्ली मराठीतही जिद्दीविषयी एखादं वाक्य असतं. पाठवणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं, की हे चित्र ताकेहिको इनोउए या जपानी चित्रकाराच्या ‘व्हॅगाबाँड’ या मांगामालिकेतलं आहे आणि त्यातला माणूस मियामोतो मुसाशी आहे. या चित्राखाली ती वाक्यं का शोभत नाहीत, हे तपासून पाहणं हा या लेखाचा हेतू आहे.

आधी माझ्या अधिकाराविषयी. मला जपानी येत नाही. ही मालिका मी इंग्रजी अनुवादातून वाचली आहे. माझा पोटापाण्याचा धंदा छपाईचा होता आणि आवड म्हणून पंचवीसेक वर्षं मी कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींविषयी, जुन्या पैलवानांच्या आठवणींविषयी टिपणं जमवत आलो. विद्यापीठाची पदवी माझ्याकडे नाही, त्यामुळे जे शिकलो ते पुस्तकांकडून आणि वस्तादांकडून. त्रेपन्नाव्या वर्षी स्कूटर घसरून डाव्या पायाची नडगी मोडली, आत सळई बसली आणि साडेचार महिने खाटेवर काढावे लागले. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘जिद्द सोडू नका’ म्हणून जाई. त्या दिवसांत नोकरीसाठी परगावी गेलेल्या पुतण्याने ठेवून दिलेला पुस्तकांचा खोका उघडला. त्यात ‘व्हॅगाबाँड’चे खंड होते. पोरांचं वाचन म्हणून हातात घेतले आणि सगळी मालिका दोनदा वाचली. मोडक्या पायाने वाचल्यामुळे मला तिच्यात काही जास्त दिसलं असेल, काही कमीही. वाचकांनी ते हिशेबात धरावं.

मालिका आणि तिचं मूळ

इनोउए यांचा जन्म १९६७चा, जपानच्या दक्षिणेकडच्या कागोशिमा प्रांतातला. १९९० ते १९९६ या काळात चाललेल्या ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलवरच्या मालिकेने ते जपानभर घरोघर पोहोचले. त्यानंतर १९९८ मध्ये कोदान्शा प्रकाशनाच्या ‘मॉर्निंग’ या साप्ताहिकात त्यांनी ‘व्हॅगाबाँड’ सुरू केली. ‘मॉर्निंग’ हे प्रौढ वाचकांचं साप्ताहिक आहे, त्यामुळे ही मालिका मुलांसाठी नव्हती. २००० मध्ये तिला कोदान्शा मांगा पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये ओसामु तेझुका यांच्या नावाने दिला जाणारा सांस्कृतिक पुरस्कार. एकूण ३७ खंड निघाले. शेवटचा २०१४ मध्ये आला. २०१५ मध्ये आणखी थोडी प्रकरणं छापली गेली आणि मालिका थांबली. ती अजून अपूर्ण आहे.

कथेचा आधार एइजी योशिकावा यांची ‘मुसाशी’ ही कादंबरी. ती १९३५ ते १९३९ या काळात आसाही शिम्बुन या दैनिकातून क्रमशः आली. गावचा दांडगट पोरगा ताकेझो आणि त्याचा मित्र माताहाची १६००च्या सेकिगाहाराच्या लढाईत नाव कमवायला जातात आणि हरलेल्या बाजूने प्रेतांच्या राशीत जिवंत पडलेले सापडतात. पुढे ताकुआन नावाचा झेन भिक्षू ताकेझोला पकडून एका उंच झाडाला टांगतो. त्या झाडावरून खाली उतरतो तो मियामोतो मुसाशी. मग नारा, क्योतो, याग्यू घराण्याचा किल्ला असा त्याचा प्रवास सुरू होतो. सांगाडा कादंबरीचाच आहे. पण इनोउए यांनी ज्या जागा बदलल्या, जिथे ते जास्त रेंगाळले, तिथे त्यांचं स्वतःचं म्हणणं सापडतं.

सामुराई मांगामध्ये या मालिकेची जागा कुठे, हे दोन नावांच्या शेजारी ठेवून पाहिलं की लक्षात येतं. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची ‘लोन वुल्फ अँड कब’ १९७० ते १९७६ या काळात आली. तिचा नायक ओगामी इत्तो तान्ह्या मुलाला ढकलगाडीत घालून सूडाच्या वाटेवर निघतो. पहिल्या पानावर तो जसा पक्का आहे तसाच शेवटपर्यंत राहतो. न बदलणं हीच त्याची ताकद आहे. १९९४ ते १९९९ मधल्या ‘रुरौनी केन्शिन’चा नायक मेइजी काळात उलट्या धारेची तलवार घेऊन फिरतो, म्हणजे कुणाला ठार न मारण्याचं व्रत तो कथा सुरू होण्याआधीच घेऊन बसला आहे. मुसाशीचं तसं नाही. तो आपल्यासमोर, पानापानांतून घडतो आणि मोडतो. म्हणून व्यक्तिरेखेची वाढ हा प्रश्न विचारायला ही मालिका सर्वांत योग्य वाटते.

एका कबुलीपासून

खरा मुसाशी १६४५ मध्ये वारला. मृत्यूच्या थोडं आधी, कुमामोतोजवळच्या रेइगान्दो गुहेत त्याने ‘गोरिन नो शो’ हा ग्रंथ लिहिला. प्रस्तावनेत तो सांगतो, की तेराव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षापर्यंत साठाहून जास्त लढती खेळलो आणि एकही हरलो नाही. इथवर हा कुठल्याही मल्लाचा बायोडेटा वाटेल. पण पुढे तो म्हणतो, की तिशी उलटल्यावर मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं, ते विजय विद्येच्या परिपूर्णतेमुळे मिळाले नव्हते. उपजत गुण असेल, समोरच्यांची विद्या तोकडी पडली असेल, काही असेल. मग सकाळ-संध्याकाळ पुन्हा साधना केली आणि पन्नाशीच्या सुमाराला मार्ग हाती लागला.

साठ लढती जिंकलेला माणूस त्या विजयांचं श्रेय स्वतःकडे घ्यायला तयार नाही, ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या टिपणांतही एक अशी नोंद आहे. सत्तरी ओलांडलेल्या एका वस्तादांना मी विचारलं होतं, की तुमची सगळ्यांत मोठी कुस्ती कोणती? त्यांनी जिंकलेल्या कुस्त्यांची नावंच घेतली नाहीत. म्हणाले, “चीतपट झालो तवा कळलं, जोर माझा नव्हता. खुराकाचा हुता आन् वयाचा.” ते वाक्य मी वहीत उतरवलं, पण त्याचा अर्थ बरीच वर्षं उमगला नव्हता.

इनोउए यांची सगळी मालिका त्या तिशी आणि पन्नाशीमधल्या मोकळ्या जागेवर उभी आहे, असं माझं मत आहे. लढतींची यादी त्यांना योशिकावांकडून आयतीच मिळाली होती. त्या लढतींनी माणसाचं आत काय केलं, हा प्रश्न त्यांनी स्वतः घातला.

पळणारा नायक

पहिली मोठी कसोटी नारामधल्या होझोइन मठात लागते. इथले भिक्षू भाल्याच्या विद्येसाठी प्रसिद्ध. तरुण भिक्षू इन्शुनसमोर मुसाशी उभा राहतो आणि हरतो. नुसता हरत नाही, तर जीव मुठीत धरून पळतो. इनोउए हे पळणं झाकत नाहीत. नायकाच्या तोंडावरची भीती ते जवळून, चौकटीमागून चौकट दाखवत राहतात. त्यानंतर मठाचा म्हातारा गुरू इन्एई मुसाशीला डोंगरात घेऊन जातो आणि आपल्याच शिष्याशी पुन्हा लढायला तयार करतो.

एरवीच्या चित्रकथांत नायक हरतो तेव्हा पुढे एक नवा डाव शिकून येतो आणि जिंकतो. इथेही दुसऱ्या लढतीत तो जिंकतो, पण डोंगरात तो जे शिकतो त्याला डाव म्हणता येणार नाही. मी घाबरलो होतो, एवढं स्वतःशी मान्य करणं हेच तिथलं शिक्षण. इन्शुनचं उलट आहे. त्याच्याजवळ विद्या अफाट, पण जिवावरची भीती त्याला माहीत नाही, म्हणून गुरूला त्याची काळजी वाटते. ज्याला भीती ठाऊक आहे तो पुढे जाऊ शकतो आणि ज्याला ती कधी शिवलीच नाही तो अडकून पडतो, अशी ही मांडणी आहे. ‘घाबरू नका’ असं सांगणाऱ्या सुविचारापासून ती किती दूर आहे, हे वेगळं सांगायला नको.

याग्यू किल्ल्यात याच सूत्राचा पुढचा टप्पा येतो. मुसाशीला ‘जगात अजिंक्य’ व्हायचं आहे. ही उपाधी त्याच्या डोक्यात बापामुळे बसली आहे. बाप मुनिसाई स्वतः नावाजलेला तलवारबाज होता आणि मुलाला त्याच्या नजरेचा धाक होता. याग्यू सेकिशुसाई हा तेव्हाचा सर्वांत मोठा मानला जाणारा तलवारबाज. मुसाशी त्याच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो म्हातारा अंथरुणावर पडून आहे. त्याला मारणं सोपं असायला हवं, पण मुसाशीचा हात उठत नाही. अजिंक्य हा नुसता एक शब्द आहे, असं त्या म्हाताऱ्याकडून त्याला कळतं. शब्दाच्या मागे धावलेल्या पोराच्या हातात तिथे काहीच उरत नाही. आजवर ज्या इच्छेने त्याला प्रेतांच्या राशीतून उठवलं होतं ती इच्छाच पोकळ ठरते. मग आता उठायचं कशासाठी?

सत्तर माणसं आणि एक पाय

पुढे कोयता-साखळी चालवणारा त्सुजिकाझे कोहेई भेटतो. शिशिदो बाइकेन हे दुसऱ्याचं नाव घेऊन तो जगत असतो. मुसाशीकडून हरल्यावर, हात निकामी झाल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटतं. मारणाऱ्याला मारायला आणखी कुणी येतो, त्याला मारायला आणखी कुणी, अशा न संपणाऱ्या वळणदार जिन्यावरून आपण खाली उतरलो, अशी त्याची भावना आहे. हरणं म्हणजे सुटका असू शकते, ही शक्यता मालिकेत पहिल्यांदा तिथे बोलली जाते. पण मुसाशी ती ऐकून वर चढतच राहतो.

त्या चढण्याचा शेवट क्योतोमध्ये होतो. योशिओका घराण्याच्या दोन्ही भावांना, सेइजुरो आणि देन्शिचिरो यांना त्याने मारलेलं असतं. आता घराण्याचे सत्तर शिष्य त्याच्या एकट्यावर चालून येतात. इचिजोजीची ही लढाई सगळ्या मुसाशीकथांचा कळस मानली जाते. इनोउए यांनी ती दोन खंडांइतकी लांबवली आहे. छपाईच्या धंद्यात आयुष्य गेल्यामुळे मी त्यातल्या काळ्या रंगाकडे पाहत राहिलो. सुरुवातीच्या खंडांत बारीक टाकाची रेघ आहे. पुढे इनोउए ब्रशकडे वळतात आणि शाई कुठे दाट, कुठे कोरडी, कुठे नुसती ओढलेली दिसते. सुरुवातीला प्रत्येक शत्रूला चेहरा आहे, नाव आहे. लढाई लांबत जाते तशी ती माणसं चिखलात आणि शाईत मिसळतात. वाचताना रोमांच संपतो आणि थकवा येतो. तो मुद्दाम आणलेला आहे, असं मला वाटतं. मुसाशी जिंकला हे कळतं, पण आनंद करावा अशी एकही चौकट सापडत नाही.

आणि त्याच्या पोटरीला जखम झालेली असते. तो सत्तेच्या ताब्यात जातो आणि पाय पूर्वीसारखा होईल याचा भरवसा उरत नाही. ताकुआन पुन्हा भेटतो. पहिल्या वेळी त्याने दोराने टांगलं होतं, आता पायानेच बांधून ठेवलं आहे. सत्तर जणांना मारणारा माणूस खोलीत बसून पाय टेकवून पाहतो. हा भाग वाचताना माझाही पाय उशीवर होता. म्हणून इथे माझं वाचन तटस्थ नाही, हे कबूल करतो. पण एक गोष्ट तटस्थपणेही सांगता येईल. सगळ्यांत मोठ्या विजयानंतर लगेच नायकाला चालताही येऊ नये, ही रचना विजयाची किंमत दाखवते. तिला प्रेरणेची गोष्ट म्हणणं म्हणजे निम्मं वाचून पुस्तक मिटणं आहे.

दुबळ्याचा तग

चिवटपणाचा अभ्यास करायचा तर मुसाशीपेक्षा माताहाचीकडे जास्त लक्ष द्यावं, असं मला दुसऱ्या वाचनात वाटलं. हा मित्र सुरुवातीपासून घसरत जातो. दारू, बाई, उधारी, थापा. एका मरणाऱ्या माणसाकडून हाती आलेल्या प्रमाणपत्राच्या जोरावर तो सासाकी कोजिरो हे दुसऱ्याचं नाव लावून फिरतो. वाचकाला त्याची चीड येते, कारण तो आपल्यासारखा आहे. मुसाशीसारखा पुरुष आपण आयुष्यात एखादाच पाहतो, माताहाची प्रत्येक गल्लीत असतो.

पण इनोउए त्याला सोडत नाहीत. त्याची आई ओसुगी म्हातारपणी मुलाच्या आणि सूडाच्या शोधात देशभर वणवण करते. शेवटी माताहाची आजारी आईला पाठुंगळी घेऊन चालतो आणि वाटेत आपल्या खोटेपणाची कबुली देतो. साऱ्या मालिकेत इतकं साधं आणि इतकं जड प्रकरण दुसरं नाही. तलवार नाही, शत्रू नाही, पाठीवर आईचं ओझं आहे आणि जिभेवर खरं बोलण्याचं. पुढे म्हातारा झालेला माताहाची लोकांना मुसाशी आणि कोजिरोची गोष्ट सांगताना दिसतो. म्हणजे सगळ्या शूरांच्या पश्चात टिकला तो हा थापाड्या. तोंडातून नुसतं खोटं निघणाऱ्या माणसाच्या वाट्याला गोष्ट सांगण्याचं काम आलं आणि तेच त्याचं प्रायश्चित्त झालं.

कोजिरो हे याचं दुसरं टोक. योशिकावांच्या कादंबरीत तो छानछोकी, गर्विष्ठ तरुण आहे. इनोउए यांनी त्याला जन्मतः बहिरा केलं. चौदाव्या ते विसाव्या खंडापर्यंत कथा मुसाशीला बाजूला ठेवून कोजिरोची होते. मासेमारांच्या वस्तीत राहणारा थकलेला तलवारबाज कानेमाकी जिसाई समुद्रातून आलेल्या त्या तान्ह्याला वाढवतो. पुस्तकाचा नायक एक शब्दही बोलत नाही आणि सात खंड वाचले जातात, हे चित्रकाराचं मोठं यश आहे. कोजिरोला अजिंक्य हा शब्दच ठाऊक नाही, म्हणून तो त्या शब्दाचा गुलामही नाही. शब्दाने पछाडलेला मुसाशी, खोट्या शब्दांवर जगणारा माताहाची आणि शब्दाविना असलेला कोजिरो, अशी ही तिघांची मांडणी आहे. मुसाशीची वाढ त्या दोघांच्या मध्ये ठेवल्याशिवाय नीट मोजता येत नाही.

नापीक जमीन

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो भाग. शेवटच्या चार खंडांच्या आसपास मुसाशीला एका उजाड गावात इओरी नावाचा पोरका मुलगा भेटतो. जमीन नापीक, पाण्याचा भरवसा नाही, गावात उपासमार. मुसाशी तिथे थांबतो आणि कुदळ हातात घेतो. ही कल्पना मूळ कादंबरीत आहे. तिथेही मुसाशी इओरीबरोबर पडीक रान कसतो आणि पाण्याशी जबरदस्ती करून चालत नाही हे शिकतो. पण तिथे त्या शिकण्याला राज्यकारभाराच्या विचाराचं वळण आहे आणि गावाला लुटारूंपासून वाचवण्याचा पराक्रमही आहे. इनोउए यांनी पराक्रम काढून टाकला. उरली भूक, माती आणि न उगवणारं पीक.

पहिल्यांदा मुसाशी जमिनीशी शत्रूसारखा वागतो. ताकदीने खणतो, गावकरी हसतात. माझे वडील कोरडवाहू शेती करत, त्यामुळे हे हसू मला ओळखीचं वाटलं. शहरातून आलेल्या जोमदार माणसाचं पहिल्या पंधरवड्यातलं खणणं पाहून खेड्यात असंच हसतात. शूसाकू नावाच्या एका तुसड्या म्हाताऱ्याला मात्र भात पिकवता येतो. मुसाशीला त्याच्यापुढे वाकावं लागतं. मला काही येत नाही, शिकवा, असं म्हणावं लागतं. इन्एई, सेकिशुसाई या गुरूंपाशी तो लढायला गेला होता आणि शिकून परतला. इथे तो आधीच हात जोडून जातो.

आणि तेही पुरत नाही. माणसं मरू लागतात. तेव्हा तो होसोकावा घराण्याच्या माणसांपुढे जाऊन अन्न मागतो. या घराण्याला त्याची तलवार हवी असते आणि त्याला ती विकायची नसते. ज्याने आयुष्यात कुणापुढे मान लवली नाही, तो दुसऱ्यांच्या पोटासाठी जमिनीवर डोकं टेकतो. माझ्या मते ‘व्हॅगाबाँड’चा कळस इचिजोजीला नाही, इथे आहे. सत्तर जणांपुढे एकट्याने उभं राहणं त्याला जमलं होतं. एकट्याने भागणार नाही हे मान्य करणं त्याला इथवर जमलं नव्हतं.

याला एक बाहेरचा आधारही जोडावासा वाटतो. २०१० ते २०१२ या काळात प्रकृतीच्या कारणाने मालिका बंद होती. त्याच सुमाराला, २०११ मध्ये, क्योतोच्या हिगाशी होंगान्जी मठासाठी इनोउए यांनी शिनरानचं चित्र असलेले भव्य घडीचे पडदे रंगवले. शिनरान या तेराव्या शतकातल्या संताच्या साडेसातशेव्या स्मृतिसोहळ्याचं ते निमित्त होतं. शिनरानच्या शिकवणीचा गाभा ‘तारिकी’ हा आहे. स्वतःच्या बळावर माणूस तरत नाही, अमिताभ बुद्धाच्या करुणेवर विसंबून तरतो, असा तो विचार. झेनमधला स्वतःच्या साधनेवरचा भर याच्या उलट बाजूला येतो. ‘व्हॅगाबाँड’ची सुरुवात झेन भिक्षू ताकुआनच्या दोराने झाली. पण मालिका पुन्हा सुरू झाल्यावर जे शेत येतं, ते मला शिनरानच्या बाजूला झुकलेलं दिसतं. पडद्यांमुळे कथा बदलली असं सिद्ध करणारा पुरावा माझ्यापाशी नाही. हे माझं अनुमान आहे. पण स्वबळाची गोष्ट म्हणून सुरू झालेली मालिका परबळाच्या कबुलीपाशी येऊन थांबते, एवढं पानांवरच दिसतं.

काही आक्षेप

मालिका निर्दोष नाही. सर्वांत मोठी उणीव बायकांची. ओत्सु ही कादंबरीतही वाट पाहणारीच आहे, पण तिथे तिच्या पायांना भटकंतीची स्वतःची वाट होती. इनोउए तिला पुढे पुढे जवळजवळ विसरतात. पुरुषांच्या आतल्या उलथापालथीवर शेकडो पानं खर्च होतात आणि तिच्या वाट्याला नजरेचे दोन-तीन क्षण येतात. ओसुगीसारखी म्हातारी इतक्या ताकदीने उभी करणाऱ्या चित्रकाराला हे जमलं नसतं असं नाही.

दुसरा आक्षेप हिंसेच्या सौंदर्याचा. मारणं निरर्थक आहे असं सांगणारं पुस्तक मारणं इतकं देखणं काढतं, की अनेक वाचक फक्त तेच पाहतात. मोबाइलवर येणारी चित्रं हा त्याचाच परिणाम आहे. ती पाठवणाऱ्यांना सगळा दोष देता येणार नाही, थोडा दोष त्या ब्रशचाही आहे. शेतातल्या मुसाशीचं, चिखलाने भरलेल्या हातांचं चित्र मला आजवर कुणी सुविचाराखाली लावून पाठवलेलं नाही.

अपूर्ण राहिलेलं

गान्रयू बेटावरची मुसाशी-कोजिरो लढत परंपरेने १६१२ची मानतात. सगळ्या मुसाशीकथा तिथे संपतात. इनोउए यांची कथा तिथवर अजून पोहोचलेली नाही. कोजिरो कोकुराला आहे, मुसाशीची वाट त्याच दिशेला वळली आहे आणि पानं थांबली आहेत. मधल्या काळात इनोउए रिकामे बसलेले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ हा चित्रपट आला. पण मुसाशीला त्यांनी पुन्हा हात लावलेला नाही.

चाहते याबद्दल हळहळतात, काही चिडतातही. मला वाटतं, या थांबण्याला कथेतलंही कारण असू शकतं. शेतातून उठलेल्या, दुसऱ्यांच्या पोटासाठी डोकं टेकवलेल्या माणसाला आता कोजिरोला मारायला लावायचं कसं? इतिहासाने लढत ठरवून ठेवली आहे आणि व्यक्तिरेखा तिच्या पलीकडे वाढली आहे. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या कुणालाही हा पेच चुकत नाही. पात्र खरोखर वाढलं की आधी ठरलेला शेवट त्याला अपुरा पडतो.

खऱ्या मुसाशीने मात्र त्या बेटानंतर बरंच आयुष्य काढलं. तो चित्रंही काढत असे. वाळक्या फांदीवर बसलेल्या खाटिक पक्ष्याचं त्याचं शाईचित्र जपून ठेवलेलं आहे. एक लांब, सरळ, खालून वर गेलेली फांदी, वर एक पक्षी आणि फांदीवरून चढणारा एक किडा. बाकी कागद कोरा. इनोउए यांचा ब्रश पाहताना मला ते चित्र अनेकदा आठवलं.

माझा पाय आता बरा आहे, थोडा आखूड झाला आहे. तालमींवरचं माझं काम वीस वर्षं झाली तरी पुस्तक झालेलं नाही. मध्यंतरी एकट्याने ते पुरं करण्याचा नाद सोडला आणि दोन तरुण मुलांना वह्या वाचायला दिल्या. एक जण गावोगावच्या वस्तादांना भेटून आठवणी ध्वनिमुद्रित करतो, दुसरा टंकलेखन करतो. काम सावकाश चाललं आहे. त्या सत्तरीतल्या वस्तादांचं वाक्य टंकताना त्या मुलाने विचारलं, “काका, हे हरल्याचं का घेतलंय? जिंकलेल्या कुस्त्यांची यादी कुठंय?” मी त्याला ‘व्हॅगाबाँड’चा चौतिसावा खंड वाचायला दिला. अजून त्याने परत केलेला नाही.